पाळणा, चूल आणि खाचर

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या अंगाने खाली उतरते, महाडवरून पुढे जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. कोकण म्हटल्यावर जी नारळी-पोफळीची वाडी डोळ्यांपुढे येते, ती इथे फारशी नाही. इथली शेती म्हणजे खोऱ्यातली भाताची खाचरे आणि डोंगरउतारावरचा वरकस तुकडा, त्यात नाचणी आणि वरी. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी शेत १.३४ हेक्टरचे होते. या दोन तालुक्यांतल्या कित्येक घरांना तेवढेही नाही, आणि जे आहे तेही चार ठिकाणी विखुरलेले.

एवढ्या जमिनीतून खाण्यापुरते तांदूळ निघतात, रोकड निघत नाही. म्हणून इथला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर कापडगिरण्यांचे दिवस भरले, महाडजवळ औद्योगिक वसाहत उभी राहिली, तरी चाकरमान्याची रीत मोडली नाही. कशेडी घाट ओलांडल्यावर लागणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्याचे कारणही हेच स्थलांतर. पूर्वी पैसे मनिऑर्डरने यायचे, आता फोनवर येतात. घर, गुरे, मुले, म्हातारी माणसे आणि शेत बाईकडेच राहिले.

अशा घरात आईपण, घरकाम आणि शेती ही तीन खाती वेगळी ठेवता येत नाहीत. मुलाला पेज भरवायची तर नाचणी आधी पिकवावी लागते, आणि नाचणी पेरायची तर बी गेल्या वर्षी राखून ठेवलेले असावे लागते. इथल्या बाईला घरकामात जो आनंद मिळतो त्याचे मूळ या सलगपणात आहे. काम हलके असते म्हणून तो मिळतो असे मुळीच नाही. काम कंबर मोडणारे आहे. पण काय पेरायचे, किती विकायचे, किती राखायचे, कोणाला काय खाऊ घालायचे, हा कारभार तिच्या हातात असतो आणि केलेल्या कामाचे फळ त्याच घरात, त्याच ताटात दिसते. जिथे कारभार तिचा नाही, नुसते कष्ट तिचे आहेत, तिथे त्याच चुलीचा धूर डोळ्यांत जातो.

या कारभाराचे वर्ष पावसावर चालते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून राब भाजायचा, मृगात त्यावर भात पेरायचे, आषाढात रोपे उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलात लावणी करायची. लावणी जवळजवळ सगळी बायकांची. ती एकटीने होत नाही, सावडीने होते: आज एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. वाकून वाकून पाठीचे धनुष्य होते, पण वर्षातली सर्वांत मोठी थट्टामस्करीही याच दिवसांत ऐकू येते. तान्हे मूल असलेल्या बाईला सावडीत जरा कोरडी बाजू दिली जाते आणि बांधावरच्या झाडाला बांधलेल्या साडीच्या झोळीकडे सगळ्यांचेच लक्ष असते. पूर्वी पाठीवर इरले असायचे, आता प्लास्टिकचा कागद असतो.

पावसाच्या सुरुवातीला घरातली भाजी संपलेली असते, तेव्हा डोंगर कामाला येतो. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, फोडशी: कोणती भाजी कधी कोवळी, कोणती आधी उकडून पाणी टाकायची, हे ज्ञान आईकडून मुलीकडे जाते आणि ते डोंगरात हिंडतच जाते. शेवळे घशाला खाजते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालायची, हे सहा-सात वर्षांची पोरही सांगते. परड्यात घोसाळी, पडवळ आणि काकडीचे वेल मांडवावर चढवलेले असतात. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायचे. कडव्या वालाचे बिरडे हे रायगडचे खास अन्न. रात्री भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे आणि एकेक दाणा बोटांत दाबून सोलायचा. हे सोलणे मुलांना बरोबर घेऊन करायचे काम आहे. घरातली बरीचशी बोलणी, गोष्टी आणि शाळेतल्या तक्रारी वालाच्या टोपल्याभोवतीच होतात.

बियाण्याचा सांभाळ हा कारभाराचा सर्वांत नाजूक भाग. वाल आणि कुळीथ राखेत घोळून मडक्यात भरतात, म्हणजे किडा लागत नाही. काकडीचे बी राखेत कालवून भिंतीला थापतात. दुधी किंवा घोसाळे वेलावरच सुकू देतात आणि तसेच चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुराने ते टिकते आणि पुढच्या पावसाळ्यात फोडले की आत सुटे बी तयार. नव्या सुनेला बी सोपवणे ही काही ठरवून केलेली रीत नव्हे, पण सासूने आढ्यावरचे घोसाळे सुनेला काढायला सांगितले, की घरातला अर्धा अधिकार हस्तांतरित झाला असे समजायला हरकत नाही.

कोंबड्यांचे खाते तर उघडच बाईचे. खुडूक झालेल्या कोंबडीला रवणीला बसवताना अंड्यांवर कोळशाने खुणा करतात, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे ओळखू येते आणि काढून घेता येते. २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती घारीपासून, मुंगसापासून राखायची, संध्याकाळी डालग्याखाली झाकायची, हे घरातल्या लहान मुलाचे पहिले जबाबदारीचे काम. अंड्यांचे पैसे सहसा कोणी विचारत नाही. वह्या, औषधे, जत्रेतल्या बांगड्या त्यातून येतात. घरखर्चाच्या हिशेबात न धरलेले हे थोडे पैसे बाईला जो मोकळेपणा देतात, तो त्यांच्या रकमेच्या मानाने फार मोठा असतो.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अजून टिकली आहे. डोहाळजेवण झाले की लेक माहेरी येते; मुंबईला दिलेली लेकही पुष्कळदा गावी येते. बाळंतिणीला मऊ भात, अळिवाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोप. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. बाळाला तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घालणे हे आजीचे काम. पाय लांब करून बसायचे, बाळ पालथे घालायचे, पाठीवरून हात फिरवत फिरवत कोमट पाणी ओतायचे आणि शेवटी दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचे. न्हाऊन झाल्यावर बाळ जे गाढ झोपते, त्या तासाभरात नवी आईही झोपते. या पद्धतीतला शहाणपणा इथे आहे: सव्वा महिना बाळंतिणीला चुलीपासून आणि खाचरापासून सूट मिळते, आणि एका बाळाची जबाबदारी तीन-चार बायका वाटून घेतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये पहिल्या बाळाबरोबर एकटी पडलेली आई याच गोष्टीला मुकते.

सगळेच जुने राखण्याजोगे नाही. बाळाच्या नाका-कानात तेल सोडणे, बंद खोलीत धुरी देणे, पहिल्या दिवसांत मध किंवा घुटी चाटवणे यांना डॉक्टर विरोध करतात, आणि पहिले ६ महिने केवळ आईचे दूध हा नियम आता वाडी-वाडीत पोचला आहे. तो पोचवला आशा कार्यकर्तीने. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ती ठरलेल्या दिवशी घरी येते, बाळाचे वजन आणि तापमान पाहते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली आणि तिथून ती देशभर गेली.

सहा महिन्यांनंतर उष्टावण होते आणि नाचणीचे सत्त्व सुरू होते. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याचा काही अंशच. मोड आणण्यामागेही कारण आहे. मोड येताना धान्यातले स्टार्च तुटू लागते, त्यामुळे त्या पिठाची पेज दाट होत नाही. एवढ्याशा वाटीत जास्त पीठ मावते आणि चिमुकल्या पोटाला जास्त अन्न मिळते. ही गोष्ट आहारशास्त्राने मोजून दाखवली, त्याच्या कितीतरी आधीपासून आज्या हे करत आल्या आहेत.

महाड तालुक्याला आईपणाची दोन मोठी स्मारके लाभली आहेत. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून १६७४ ला त्यांचे निधन झाले. आणि गडावर हिरकणीचा बुरूज आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि सरळसोट कडा, ही दंतकथा सर्वांना पाठ आहे. एसटी स्थानकांवर आणि कार्यालयांत अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी केलेल्या खोलीला महाराष्ट्रात हिरकणी कक्ष म्हणतात. कथेत कौतुक होते ते कडा उतरण्याच्या धाडसाचे. पण हिरकणीची अडचण धाडसाची नव्हती, ती रोजची होती: दूध विकल्याशिवाय घर चालत नाही आणि दूध विकायला जावे तर मूल कोणाकडे ठेवावे. आज त्या अडचणीचे उत्तर जितके मिळाले आहे ते अंगणवाडीत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तीन वर्षांवरची मुले दिवसातले काही तास तरी सांभाळली जातात आणि गरम खिचडी खातात. त्याहून लहान मुलांचा भार अजून आजीवर किंवा मोठ्या बहिणीवरच आहे. आजी थकलेली आणि बहीण शाळेत असली, तर झोळी पुन्हा बांधावर येते.

मराठीत आईचा महिमा पुष्कळ लिहिला गेला, पण बहुतेक मुलांनी. महाडच्या पलीकडे, दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिले. कोकणातल्या ओढग्रस्त घरातली ती आई महाराष्ट्राची आई झाली. रायगडच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा आपल्या आईचे ऋण जन्मभर सांगत राहिले. दोन्ही आठवणी हृद्य आहेत, पण त्या लेकाच्या जागेवरून पाहिलेल्या आहेत. आईने स्वतः काय म्हटले ते पाहायचे तर जात्याकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावागावांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि आता त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यांत बाळाचे कौतुक आहे, भावाची वाट पाहणे आहे, भरल्या घराचा अभिमान आहे, आणि त्याच जात्यावर सासुरवासाचे, मारहाणीचे, मेलेल्या लेकराचे दुःखही आहे. दळणारणीने आनंद आणि गाऱ्हाणे यांच्यासाठी वेगळी जाती ठेवली नव्हती. गिरणी आली, पहाटेचे कष्ट वाचले. गाणे मात्र दुसरीकडे कुठे रुजले नाही.

त्यातल्या त्यात ते टिकले आहे गौरीत. भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर रानातून घरात येते. तोवर लावणी उरकलेली असते, भात पोटरीत असतो आणि चाकरमानी गणपतीसाठी आलेला असतो. वर्षात घर भरलेले असते ते याच दिवसांत. गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या तर नव्या सुनांचे ओवसे होतात: माहेरहून आलेल्या सुपात फळे, भाज्या, पाने मांडून गौरीपुढे ओवसायचे आणि मग घरातल्या थोरामोठ्यांना ते देऊन आशीर्वाद व भेट घ्यायची. काही घरांत गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, काहींत तिखटाचा. रात्री फुगड्या आणि झिम्मा. एरवी डोईवर पदर घेऊन वावरणारी बाई इथे घाम गळेपर्यंत नाचते आणि नवऱ्याचे नाव उखाण्यात घेताना त्याची भरपूर खिल्ली उडवते.

आनंदाचे हे वर्णन इथेच थांबवले तर ते जाहिरातीसारखे होईल. अलीकडे पडद्यावर चुलीवरच्या भाकरीचे आणि सारवलेल्या अंगणाचे देखणे चित्रण खूप दिसते, परदेशात तर घरी बसून पाव भाजणाऱ्या आयांचा एक पंथच निघाला आहे. त्या चित्रात पाण्याचा हंडा क्वचितच असतो. महाड-पोलादपुरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरी उतारावरचे पाणी वाहून जाते, एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. मुळात पुरुषांतले जेमतेम २६ टक्केच त्या मोजणीत आले.

धोके वेगळेच. पेंढा ओढताना, गोवऱ्या उचलताना लाल विंचू चावणे ही या भागातली जुनी दहशत. तान्ह्या मुलांच्या तर तो जिवावरच बेतत असे. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो ते रुग्णांच्या उशाशी बसून नोंदवले आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार बसवला. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोंगराच्या धोक्यावर मात्र अशी गोळी नाही. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या महाडच्या गावांवर आणि २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली. तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. दरडीत गाडल्या गेलेल्यांत घरात असलेल्या बायका आणि मुले होती, कारण घर हीच त्यांची कामाची जागा.

घरकाम ही खासगी बाब नाही, हे याच महाडात फार पूर्वी सांगितले गेले. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, घरात काय शिजवावे, मुलींना शाळेत का घालावे, हे त्यांनी तपशिलात जाऊन सांगितले. चवदार तळ्याचा लढा आणि घरातली राहणी या त्यांच्या लेखी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या.

कारभार हातात असणे आणि तो कागदावर असणे यांत अजून अंतर आहे. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा. तिचा जोर विदर्भ-मराठवाड्यात राहिला, कोकणात ती फारशी उतरली नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, पण बहिणीने हक्कसोड लिहून देण्याची रीत सुरूच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव बंधनकारक केले. शाळेच्या दाखल्यावर ते वडिलांच्या नावाआधी येते.

उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्या बचत गटांमुळे नाचणीचे सत्त्व, तांदळाचे पापड, कुळथाचे पीठ, आमसूल आता महाडच्या बाजारात आणि मुंबईच्या प्रदर्शनांत पोचते. मे महिन्यात नातवंडे गावी येतात आणि जाताना आजी जे गाठोडे बांधून देत असे, त्यातल्याच वस्तूंना आता लेबल आणि किंमत आली. गटाच्या बैठकीत वही लिहायला सहसा शिकलेली सून बसते. आपण वर्षभरात किती रुपयांचे अन्न तयार करतो हे पुष्कळ जणींनी पहिल्यांदा त्या वहीत पाहिले. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला पीककर्ज स्वतःच्या नावे मिळते, प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६००० रुपये तिच्या खात्यात येऊ शकतात आणि अतिवृष्टीत भात गेले तर भरपाईच्या यादीत तीच असते. नाव नसेल तर लावणी तिने केलेली असूनही पंचनाम्याच्या वेळी मुंबईहून नवऱ्याला बोलवावे लागते.